जुन्या ऑटोमॅटिक गाडीत इंजिनाचा वेग सतत वर-खाली होतो : कारण कसे शोधावे

गाडी सिग्नलला उभी आहे, पाय ब्रेकवर आहे, गिअरचा दांडा ‘डी’मध्ये (ड्राइव्ह) आहे आणि तरीही टॅकोमीटरचा, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे (आरपीएम) दाखवणाऱ्या मीटरचा, काटा ८०० वरून १,५०० वर चढतो, लगेच खाली येतो, आता इंजिन बंद पडणार असे वाटेपर्यंत घसरतो आणि सावरून पुन्हा चढू लागतो. गॅरेजमध्ये याला ‘हंटिंग’ म्हणतात. मॅन्युअल गाडीत क्लच दाबून किंवा न्यूट्रल करून वेळ निभावता येते. ऑटोमॅटिक गाडीत मात्र इंजिनाचा वेग वाढला की टॉर्क कन्व्हर्टरमार्फत, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलाने जोडणाऱ्या भागामार्फत, तो जोर थेट चाकांपर्यंत पोहोचतो, ब्रेकवरचा पाय जरा सैल पडला तरी गाडी पुढे सरकते, आणि म्हणून हा दोष नुसता गैरसोयीचा न राहता धोक्याचा होतो.

पुढे जे लिहिले आहे ते पेट्रोलवर चालणाऱ्या, फ्युएल इंजेक्शन असलेल्या आणि टॉर्क कन्व्हर्टरचा गिअरबॉक्स असलेल्या गाड्यांपुरते आहे. ढोबळमानाने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून २००५ च्या आसपासपर्यंतच्या या गाड्या; यांत ॲक्सिलरेटरची केबल थेट थ्रॉटलला, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या पाकळीला, जोडलेली असते आणि आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन संथ चालू असताना) लागणारी हवा सांभाळण्यासाठी वेगळा आयडल व्हॉल्व्ह असतो. कार्ब्युरेटर, डिझेल आणि सीव्हीटी (गिअरच्या ठरावीक पायऱ्या नसलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) यांची गोष्ट वेगळी असल्यामुळे त्यांत शिरत नाही.

माझ्या स्वतःच्या गाडीत हा दोष वर्षभर येत-जात राहिला, आणि तो का परत येत होता हे कळल्यामुळेच हे लिहीत आहे. पहिल्या वेळी दुरुस्ती करणाऱ्याने आयडल व्हॉल्व्ह बदलला आणि गाडी सुरळीत झाली. पाच-सहा आठवड्यांनी काटा पुन्हा नाचू लागला, तेव्हा इंजिनाचे तापमान सांगणारा सेन्सर बदलला आणि गाडी पुन्हा सुरळीत झाली. तिसऱ्या वेळी ‘नवा व्हॉल्व्हच खराब निघाला’ असे ठरवून तोही बदलण्यात आला, आणि तिसऱ्यांदाही तेवढ्याच दिवसांनी दोष परतला. वहीत तारखा मांडल्या तेव्हा लक्षात आले की बदललेले भाग वेगवेगळे असले तरी प्रत्येक कामात एक गोष्ट समान होती. त्या गाडीत आयडल व्हॉल्व्हमधून कूलंटच्या दोन बारीक नळ्या जातात आणि तापमानाचा सेन्सरही कूलंटमध्येच बसवलेला असतो. यांपैकी काहीही काढले की थोडे कूलंट सांडते आणि काम संपल्यावर ते वरून भरले जाते. गाडी सुधारत होती ती नव्या भागामुळे नव्हे, तर भरलेल्या कूलंटमुळे. खरा दोष इनटेक मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांच्या भागाच्या) खाली, हीटरच्या नळीच्या क्लिपपाशी होता. तिथे रबराच्या कडेला वाळलेल्या कूलंटचा फिकट, खरखरीत थर जमला होता. थेंब जमिनीवर कधीच पडला नाही, कारण गरम धातूवर तो जागीच सुकत होता.

त्यामुळे हा दोष पुन्हा पुन्हा येत असेल तर माझा पहिला आग्रह असा राहील की कोणता भाग बदलल्यावर गाडी सुधारली एवढेच न पाहता, तो भाग बदलताना आणखी काय काय हलले, काय भरले गेले, कोणती नळी पुन्हा घट्ट बसली आणि बॅटरी काढली होती का, हेही लिहून ठेवावे.

आधी नोंद, मग पाना

काटा हलतो हे सर्वांना दिसते. तो कधी हलतो यात निदानाचा निम्मा भाग असतो. गाडी थंड असताना सुरू केल्यावर आयडल १,२०० ते १,५०० असणे आणि गरम होताना ते हळूहळू ६५० ते ८५० च्या दरम्यान उतरणे हे निरोगी वागणे आहे, त्याला दोष समजू नये. तसेच ‘पी’ (पार्क) किंवा ‘एन’मधून (न्यूट्रल) ‘डी’त टाकल्यावर वेग किंचित उतरणे, एसी सुरू होताना क्षणभर दबून पुन्हा सावरणे, हेही स्वाभाविक आहे.

नोंद करताना मी पाच प्रसंग वेगळे धरतो. गाडी थंड असताना ‘पी’मध्ये, पूर्ण गरम झाल्यावर ‘पी’मध्ये, गरम असताना ब्रेक दाबून ‘डी’मध्ये, एकसमान वेगाने रस्त्यावर चालताना, आणि गिअर बदलण्याच्या क्षणी. फक्त थंडपणी त्रास असेल तर तापमानाचा सेन्सर आणि थंड इंजिनाला जादा हवा देणारी यंत्रणा यांच्यावर संशय जातो. गरम झाल्यावर ‘पी’मध्येही काटा नाचत असेल तर गिअरबॉक्सचा विषय तिथेच संपतो, कारण ‘पी’मध्ये चाकांकडे काही जातच नाही, दोष हवा, इंधन, ठिणगी किंवा त्यांचे नियंत्रण यांतच शोधायचा. ‘पी’मध्ये सगळे शांत, पण चालत्या गाडीत ६० ते ९० किलोमीटरच्या वेगाला काटा दोन-तीनशेने वर-खाली होत असेल तर टॉर्क कन्व्हर्टरच्या लॉकअपकडे, म्हणजे त्यातली घसरण थांबवणाऱ्या आतल्या क्लचकडे, पाहावे लागते.

याच्या जोडीने लय ऐकावी. वेग एका ठरावीक लयीत, श्वासासारखा चढत-उतरत असेल तर नियंत्रणव्यवस्था कशाशी तरी झगडत आहे असे समजावे. उलट मध्येच एखादा झटका, मग दोन सेकंद ठीक, मग दोन झटके, असे बेताल चालले असेल तर ते बहुधा मिसिंग आहे, म्हणजे एखादा सिलिंडर अधूनमधून पेट घेत नाही. आणि काटा क्षणभर शून्यावर पडला पण इंजिनाचा आवाज मात्र बदलला नाही, तर इंजिन ठीक असून टॅकोमीटरकडे जाणाऱ्या तारेत किंवा इग्निशनच्या संकेतात खंड पडतो आहे. म्हणून कान आणि काटा यांचे म्हणणे एकच आहे ना, हे सर्वात आधी ताडून पाहावे.

लयीत हलणारा काटा कसा जन्माला येतो

हे समजून घेतले की पुढच्या चाचण्या पाठ कराव्या लागत नाहीत. आयडलला थ्रॉटलची पाकळी जवळपास बंद असते आणि इंजिनाला लागणारी थोडी हवा आयडल व्हॉल्व्हमधून येते. ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, ठरलेल्या वेगाशी प्रत्यक्ष वेगाची तुलना करून हा व्हॉल्व्ह थोडा उघडतो, थोडा मिटतो. आता समजा, कुठूनतरी अशी हवा आत येते आहे जी ईसीयूच्या हातात नाही. वेग वाढतो, ईसीयू व्हॉल्व्ह मिटत नेतो, तो पूर्ण मिटला तरी वेग उतरत नाही. पुढे वेग एका मर्यादेपलीकडे गेला की ईसीयूला वाटते, चालकाने ॲक्सिलरेटर सोडला आहे, थ्रॉटल बंद आहे आणि तरी इंजिन जोरात फिरते आहे, म्हणजे गाडी उतारावर स्वतःच्या वेगाने धावत असावी. अशा वेळी पेट्रोल वाचवण्यासाठी इंजेक्टर बंद करण्याची त्याला शिकवण असते. इंधन तुटते, वेग कोसळतो, ठरलेल्या रेषेखाली येताच इंधन पुन्हा सुरू होते, आणि जादा हवा तशीच असल्यामुळे वेग पुन्हा चढतो. दर दोन-तीन सेकंदांनी होणारी ही चढ-उतार म्हणजेच हंटिंग. ईसीयू आपले काम नेमके करत असतो; त्याच्या हिशोबाबाहेरची हवा कुठून येते, एवढाच प्रश्न उरतो.

अर्थात सगळ्या गाड्या याच वाटेने जात नाहीत. ज्या गाड्यांत मॅनिफोल्डमधला दाब मोजून हवेचा अंदाज घेतला जातो, त्यांत गळतीची हवाही दाबात दिसते, तिला जोडीचे पेट्रोल मिळते आणि आयडल चढते. ज्या गाड्यांत येणारी हवा मास एअरफ्लो सेन्सरने मोजली जाते, त्यांत सेन्सर आणि इंजिन यांच्यामध्ये शिरलेली हवा मोजलीच जात नाही, त्यामुळे मिश्रण पातळ होते आणि इंजिन अडखळते, दबते, कधी बंद पडते. आपल्या गाडीत यांपैकी कोणता सेन्सर आहे हे एअर फिल्टरच्या डब्यापाशी पाहून ठरवावे, कारण एकच गळती या दोन गाड्यांत वेगवेगळे रूप दाखवते.

पहिल्या तासात करण्याच्या गोष्टी

गाडी सपाट, मोकळ्या जागी उभी करावी. बंद गॅरेजात इंजिन चालू ठेवून काम करू नये; एक्झॉस्टमधला कार्बन मोनॉक्साइड वास न देता जीव घेतो. दांडा ‘पी’मध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकांना अडसर लावलेला, बाह्या आवळलेल्या. रेडिएटरचे झाकण इंजिन पूर्ण थंड असतानाच उघडावे.

कूलंटपासूनच सुरुवात करावी असे माझे ठाम मत आहे, आणि ते केवळ माझ्या अनुभवामुळे नाही. अनेक जुन्या गाड्यांत थंड इंजिनाला जादा हवा देणारा व्हॉल्व्ह मेणाच्या गोळीवर चालतो. कूलंट गरम झाले की मेण फुगते आणि हवेची वाट मिटते. कूलंट कमी असले किंवा नळीत हवेचा फुगा अडकला असला तर त्या मेणापर्यंत उष्णता पोहोचत नाही, इंजिन गरम असूनही तो व्हॉल्व्ह उघडाच राहतो आणि वर सांगितलेला झगडा सुरू होतो. याच फुग्यात तापमानाचा सेन्सर सापडला तर ईसीयूला एकदा गरम, एकदा थंड अशी खबर मिळते आणि पेट्रोलचे प्रमाण त्याप्रमाणे बदलत राहते. पाहायचे ते रेडिएटरच्या तोंडाशी. शेजारच्या टाकीत पातळी बरोबर दिसली तरी झाकणाचे रबर कडक झाले असेल तर रेडिएटर आतून रिकामा असू शकतो. आणखी एक सोपी खूण अशी की हीटर चालू केल्यावर आयडलला थंड वारा येत असेल आणि इंजिनाचा वेग वाढवल्यावर तो गरम होत असेल, तर कूलंट कमी आहे किंवा आत हवा आहे. कूलंट भरून, हवा काढून टाकून काटा स्थिर झाला तर आनंद मानावा, पण कूलंट गेले कुठे हे शोधल्याशिवाय काम संपले असे मानू नये.

त्यानंतर हवेच्या नळ्या. एअर फिल्टरपासून थ्रॉटलपर्यंत जाणारी जाड रबरी नळी बाहेरून पाहून सोडून देऊ नये. तिच्या घड्या बोटांनी फाकवून प्रत्येक घडीच्या तळाशी पाहावे, कारण चीर नेहमी तिथेच, खालच्या बाजूला पडते. ऑटोमॅटिक गाडीत या चिरेचे एक खास वागणे असते. ‘डी’मध्ये टाकल्यावर इंजिन माउंटिंगवर एका बाजूला झुकते, ‘आर’मध्ये (रिव्हर्स) उलट बाजूला. माउंटिंगचे रबर दबलेले असेल तर हे झुकणे वाढते आणि नळी ताणली जाऊन चीर उघडते. ‘पी’मध्ये शांत, ‘डी’मध्ये अस्वस्थ आणि ‘आर’मध्ये पुन्हा शांत असे दिसले की मी आधी ही नळी आणि मग माउंटिंग पाहतो. गिअरबॉक्सचा खर्चिक संशय घेण्यापूर्वी ही दहा मिनिटे द्यावीत.

इंजिनाच्या हवा ओढण्यावर चालणाऱ्या बारीक व्हॅक्यूम नळ्यांसाठी सर्वात सुरक्षित रीत म्हणजे एकेक नळी मऊ चिमट्याने दाबून बंद करणे आणि इंजिनाच्या आवाजात फरक पडतो का ते ऐकणे. ब्रेक बूस्टरची (ब्रेकला जोर पुरवणाऱ्या डब्याची) जाड नळी दाबली आणि काटा स्थिर झाला, तर बूस्टरचा पडदा फाटला आहे; इथे आयडलचा प्रश्न मागे पडतो आणि ब्रेकचा पुढे येतो, ते काम लांबवू नये. पेट्रोल टाकीची वाफ इंजिनात सोडणाऱ्या पर्ज व्हॉल्व्हची नळी दाबून पाहावी. तो व्हॉल्व्ह उघडा अडकला असेल तर टाकी भरल्यानंतर लगेच त्रास वाढतो. पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनातली तेलकट वाफ पुन्हा आत ओढू देणारा) काढून हलवला असता आतली गोळी वाजली पाहिजे. वाजत नसेल तर तो तेलाच्या चिकट्याने अडकलेला आहे. इंधनदाब नियंत्रकाला जाणारी व्हॅक्यूम नळी काढल्यावर तिच्यात पेट्रोलचा वास किंवा ओल आढळली तर त्याचा पडदा फुटला आहे आणि इंजिन त्या नळीतून कच्चे पेट्रोल ओढते आहे.

गळती शोधण्यासाठी कार्ब्युरेटर क्लीनर फवारण्याची रीत सर्रास वापरली जाते. मी ती सुचवत नाही. गरम एक्झॉस्ट आणि जुन्या, तडकलेल्या इग्निशनच्या तारा यांच्याजवळ ज्वलनशील फवारा मारणे म्हणजे आगीला आमंत्रण आहे. मॅनिफोल्डच्या सांध्यांवर साध्या पाण्याचा बारीक फवारा मारला तरी जिथे गळती असेल तिथे पाणी ओढले जाते आणि क्षणभर आवाज बदलतो. हे जमले नाही तर धूर सोडून गळती दाखवणारे यंत्र ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडून तपासणी करून घ्यावी. ती एक तपासणी अंदाजाने बदललेल्या दोन भागांपेक्षा नेहमी स्वस्त पडते.

आयडल व्हॉल्व्ह आणि थ्रॉटल

नळ्या निर्दोष निघाल्या तर थ्रॉटल बॉडीकडे यावे. गरम इंजिन आयडलला असताना फिल्टरकडची नळी सैल करून थ्रॉटलच्या तोंडाशी आयडल व्हॉल्व्हला जाणारे छिद्र बोटाने बंद करून पाहता येते. वेग लगेच उतरला किंवा इंजिन बंद पडले तर जादा हवा याच वाटेने येत होती, म्हणजे व्हॉल्व्ह किंवा त्याचे नियंत्रण दोषी आहे. छिद्र बंद करूनही वेग चढाच राहिला तर हवा अन्य ठिकाणाहून येते आहे आणि व्हॉल्व्ह बदलून काहीही साधणार नाही. ही एवढी चाचणी केली असती तर माझ्या गाडीतली तिसरी दुरुस्ती तरी टळली असती असे कुणी म्हणेल. पण माझ्या गाडीत मेणाचा व्हॉल्व्ह त्याच छिद्राच्या मागे होता, त्यामुळे चाचणी व्हॉल्व्हकडे बोट दाखवत होती आणि कूलंट मात्र नजरेआड राहिले. म्हणून कूलंट आधी.

मास एअरफ्लो सेन्सरच्या गाडीत ही नळी पूर्ण काढली तर मोजमाप बिघडून इंजिन बंद पडू शकते, हे लक्षात ठेवूनच हात घालावा.

आयडल व्हॉल्व्ह स्वच्छ करताना तो थ्रॉटलवरून सोडवून घ्यावा, काजळी थ्रॉटल क्लीनरने भिजवून मऊ ब्रशने काढावी, आतली सुई हाताने ओढू-ढकलू नये आणि विजेच्या भागात क्लीनर भरू देऊ नये. बसवताना नवीन गास्केट वापरावी. जुनी दबलेली गास्केट म्हणजे स्वतःच्या हाताने केलेली गळती. थ्रॉटलच्या पाकळीमागची काळी कडही पुसावी. मास एअरफ्लो सेन्सरच्या तारेसाठी मात्र त्याचाच वेगळा क्लीनर लागतो, थ्रॉटलचा नाही, आणि त्या तारेला कापडाने किंवा काडीने स्पर्श करू नये.

एका गोष्टीबद्दल मला कळकळीने सांगायचे आहे. थ्रॉटलच्या पाकळीला टेकणारा जो लहान स्क्रू असतो तो फिरवून आयडल ‘उचलून देण्याची’ सवय अनेक ठिकाणी आहे. बंद पडणारी गाडी त्याने त्या दिवसापुरती चालते, पण पाकळी उघडी राहिल्यामुळे थ्रॉटल पोझिशन सेन्सर ‘बंद’ असा संकेत देत नाही, ईसीयू आयडलचे नियंत्रणच सोडून देतो, आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला थ्रॉटलचा चुकीचा अंदाज मिळाल्यामुळे गिअर उशिरा आणि झटक्याने पडू लागतात. एका दोषाचे तीन होतात आणि मूळ दोष झाकला जातो. जुन्या गाडीच्या त्या स्क्रूवरचा रंगाचा ठिपका तुटलेला दिसला तर आधीच्या कुणीतरी तो फिरवला आहे असे समजावे आणि दुरुस्ती-पुस्तिकेप्रमाणे तो परत मूळ जागी आणावा.

मल्टिमीटर आणि स्कॅनर

थ्रॉटल पोझिशन सेन्सरला साधारणपणे ५ व्होल्टचा पुरवठा असतो; पाकळी बंद असताना संकेत सुमारे ०.५ व्होल्ट आणि पूर्ण उघडल्यावर ४.५ व्होल्टच्या आसपास येतो. या दोन टोकांपेक्षा मधला प्रवास महत्त्वाचा आहे. पाकळी अतिशय सावकाश उघडत न्यावी आणि आकडा न अडखळता चढतो का ते पाहावे. जिथे तो मध्येच कोसळतो तिथे आतली पट्टी झिजलेली आहे, आणि ती जागा बहुतेक वेळा त्याच कोनावर असते ज्या कोनावर गाडी रोज एकसमान वेगाने चालवली जाते. तापमानाच्या सेन्सरचा रोध उष्णता वाढेल तसा कमी होतो: २० अंश सेल्सियसला साधारण २,००० ते ३,००० ओहम आणि ८० अंशांना सुमारे ३०० ओहम असा आकडा पुष्कळ गाड्यांत मिळतो. नेमका आकडा पुस्तिकेतून घ्यावा. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. दिवे लावल्यावर ते बरेच उतरत असतील तर अल्टरनेटर आणि इंजिनाची अर्थिंगची पट्टी पाहावी, कारण गंजलेली अर्थिंग एकाच वेळी सगळ्या सेन्सरना खोटे बोलायला लावते.

अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून आणि युरोपीय संघात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून संगणकीय निदानाची प्रमाण व्यवस्था बंधनकारक झाली, त्यामुळे त्यानंतरच्या गाड्यांत साधा स्कॅनरही पुष्कळ सांगतो. त्याआधीच्या अनेक गाड्यांत दोन पिना जोडून डॅशबोर्डवरच्या दिव्याची उघडझाप मोजावी लागते. स्कॅनरवर दिसणाऱ्या कोडांपैकी पी०१७१ म्हणजे मिश्रण पातळ, पी०५०५ म्हणजे आयडल नियंत्रणाची तक्रार, पी०५०७ म्हणजे आयडल अपेक्षेपेक्षा जास्त, पी०३०० म्हणजे एका ठरावीक सिलिंडरपुरते नसलेले मिसिंग. पण कोड हा निकाल नसतो, ती तक्रार असते. त्यापेक्षा फ्युएल ट्रिमचे, म्हणजे मिश्रण बरोबर राखण्यासाठी ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो त्याचे, आकडे मला अधिक विश्वासाचे वाटतात. मास एअरफ्लो सेन्सरच्या गाडीत आयडलला ट्रिम अधिक २० टक्क्यांच्या आसपास आणि २,५०० आरपीएमला जवळपास शून्य असेल तर व्हॅक्यूमची गळती आहे, कारण वेग वाढला की गळतीचा वाटा एकूण हवेत नगण्य होतो. उलट आयडलला ठीक आणि वेग वाढल्यावर ट्रिम चढत असेल तर इंधन पुरत नाही; फिल्टर, पंप आणि दाब तपासावा. दोन्हीकडे १० टक्क्यांच्या आत असेल तर मिश्रणाचा पिच्छा सोडून ठिणगीकडे, म्हणजे प्लग, तारा, कॉईल आणि डिस्ट्रिब्युटरच्या टोपीकडे वळावे.

काटा फक्त चालत्या गाडीत हलत असेल तर

टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यात तेलाचा दुवा असतो, त्यात थोडी घसरण होतेच. एकसमान वेगाला ती टाळण्यासाठी आत एक क्लच बसतो. तो पकडला की काटा दोन-तीनशेने खाली येतो, सुटला की तेवढाच वर जातो. त्यामुळे लॉकअप सारखा पकडत-सुटत असेल तर चालकाला वाटते, इंजिनाचाच वेग हलतो आहे. तपासणी सोपी आहे. मोकळ्या, सरळ रस्त्यावर दुसरी व्यक्ती शेजारी असताना ॲक्सिलरेटर तसाच धरून डाव्या पायाने ब्रेकला फक्त स्टॉपलाइट लागेल एवढा स्पर्श करावा. ब्रेकच्या स्विचचा संकेत मिळताच ईसीयू लॉकअप सोडतो. काटा थोडा वर जाऊन तिथे स्थिर राहिला आणि थरथर थांबली तर विषय लॉकअपचा आहे.

तरीही लगेच कन्व्हर्टर उतरवायला देऊ नये. लॉकअप कधी पकडायचा हे ईसीयू थ्रॉटलच्या संकेतावरून ठरवतो, म्हणून वर सांगितलेली झिजलेली पट्टी इथेही हेच लक्षण उभे करते. ब्रेकचा स्विच सैल असला तरी तसेच होते. मागून कुणाला तरी पाहायला सांगावे, पाय न लावता स्टॉपलाइट फडफडत नाही ना. तिसरी शक्यता गिअर ऑईलची. बहुतेक गाड्यांत ते पूर्ण गरम करून, इंजिन चालू ठेवून ‘पी’मध्ये मोजतात, काहींत इंजिन बंद करून, पुस्तिकेत जसे असेल तसेच मोजावे, अन्यथा बरोबर पातळीही चूक दिसते. डिपस्टिक पांढऱ्या कागदावर टेकवावी. तेल लालसर आणि स्वच्छ असेल तर ठीक. गडद तपकिरी, जळका वास येणारे आणि कागदावर काळे कण सोडणारे असेल तर आतले क्लच झिजत आहेत. गिअर बदलण्याच्या क्षणी वेग एकदम उसळून गाडी मात्र तेवढी पुढे जात नसेल, तर ते घसरणे आहे, हंटिंग नव्हे, आणि तिथे घरच्या तपासणीची हद्द संपते. ब्रेक दाबून ‘डी’मध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर देण्याची स्टॉल टेस्ट काही जण सुचवतात; झिजलेल्या गिअरबॉक्सला ती काही सेकंदांत कायमची इजा करू शकते, म्हणून मी ती स्वतः करत नाही.

दुरुस्तीनंतर

बॅटरी काढली असेल किंवा व्हॉल्व्ह स्वच्छ केला असेल तर ईसीयूला आयडल नव्याने शिकावे लागते. पुस्तिकेत वेगळी रीत दिलेली नसेल तर सगळे दिवे, एसी आणि पंखा बंद ठेवून इंजिन पूर्ण गरम होईपर्यंत ‘पी’मध्ये चालू द्यावे, मग ब्रेक घट्ट दाबून काही मिनिटे ‘डी’मध्ये ठेवावे, आणि शेवटी एसी लावून पुन्हा पाहावे. पहिल्या दिवशी थोडी अस्थिरता राहिली तर घाबरू नये. तसेच पहिल्या दिवशी सगळे उत्तम चालले म्हणून निर्धास्तही होऊ नये, कारण ईसीयूने आधी शिकलेले फेरबदल पुसले गेल्यामुळेही दोष काही दिवस दबून राहू शकतो.

दोष असतानाच गाडी वापरावी लागत असेल आणि ‘डी’मध्ये उभ्या गाडीत वेग १,२०० च्या वर उसळत असेल, तर सिग्नलला दांडा ‘एन’मध्ये घेऊन हँडब्रेक लावावा. पुन्हा ‘डी’त टाकताना काटा खाली येण्याची वाट पाहावी, कारण चढत्या वेगात गिअर घातला तर गाडी उडी मारते आणि गिअरबॉक्सलाही तो झटका सोसावा लागतो. वेग १,५०० च्या पुढे जात असेल तर गाडी रहदारीत नेऊच नये.

माझ्या गाडीत नळीचा तुकडा आणि दोन्ही क्लिपा बदलून, हवा काढून कूलंट भरले, त्याला आता चौदा महिने झाले आहेत. दर रविवारी सकाळी, इंजिन थंड असताना, मी अजूनही रेडिएटरचे झाकण उघडून पातळी पाहतो आणि तारखेपुढे लिहून ठेवतो.